पांढऱ्या भागातला ठिपका

सत्तावीस वर्षांच्या नोकरीत मी माणसांना सगळ्यांत जास्त वेळा काय सांगितलं असेल, तर ‘हलू नका’. अकोल्याला एक्स-रेवर होतो तेव्हा हे दोन शब्द क्षणभरापुरते असायचे. पुढं अमरावतीला एका खासगी केंद्रात एमआरआयच्या मशीनवर लागलो आणि तेच दोन शब्द अर्ध्या अर्ध्या तासाचे झाले. चांदूर रेल्वेच्या एक आजी माझं सांगणं इतकं मनावर घेऊन पडल्या, की तपासणी संपून टेबल बाहेर आलं, सून हाका मारायला लागली, तरी त्या डोळे मिटून तशाच. मी घाबरून जवळ गेलो तर हळूच म्हणाल्या, “तुमी हलू नका म्हनलं. हला असं कोनी म्हनलंच नाही, बाप्पा.”

या मशीनबद्दल लोकांच्या मनात भीती फार. खरं तर त्यात एक्स-रेसारखे किरण नसतात. ते एक अतिशय ताकदवान लोहचुंबक असतं, माणूस आत झोपेल एवढं. आपल्या अंगात पाणी भरपूर. त्या पाण्याला हे चुंबक आणि रेडिओच्या लहरी मिळून बोलतं करतात, आणि त्या बोलण्यातून संगणक आतलं चित्र काढतो. चुंबक असल्यामुळं लोखंड मात्र आत न्यायचं नाही. किल्ल्या, पिना, घड्याळ, सगळं बाहेर. शरीरात काही धातू आहे का, हे आम्ही फॉर्मवर लिहून घेतो. सेमाडोहकडचा एक मधल्या वयाचा माणूस पाठदुखीसाठी आला होता. फॉर्मवर माझ्याकडून ‘नाही’ लिहवून घेऊन त्यानं अंगठा केला. टेबल आत सरकलं आणि तो आतून म्हणाला, “साहेब, मांडीत कोनीतरी ओढून राहिलं.” मी तसाच त्याला बाहेर घेतला. एक्स-रेत मांडीत गावठी बंदुकीचा लोखंडी छर्रा निघाला. मी रागावलो, तर तो शांतपणे म्हणाला, “जंगलातली गोष्ट जंगलातच राहते, साहेब. फारमात काहून लिहू?” तेव्हापासून मी तो एक प्रश्न तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी विचारायला लागलो.

असे किस्से पुष्कळ आहेत, आणि हा लेख मागणाऱ्या संपादकांनाही तेच हवे असणार. पण या वेळी मला एक अशी गोष्ट लिहायची आहे, जी मी निवृत्त होईपर्यंत घरात कधी बोललो नाही.

आमच्या भागाचे ते वाईट दिवस होते. रोज पेपरात शेतकऱ्याच्या आत्महत्येची बातमी आणि वऱ्हाडातल्या कुठल्यातरी गावाचं नाव असायचं. मुंबई-दिल्लीची माणसं गाड्या घेऊन यायची, गावोगाव प्रश्न विचारायची. त्या गर्दीत काही डॉक्टरही होते. त्यांतल्या एक देवयानी मॅडम. वय तिशीच्या आतलं, मेंदूच्या आजारांचं शिक्षण पूर्ण करत होत्या आणि त्यासाठी त्यांना प्रबंध लिहायचा होता. कपाशीवर वर्षानुवर्षं औषध फवारणाऱ्या माणसांच्या मेंदूच्या कामावर काही परिणाम होतो का, हे त्यांना बघायचं होतं. त्यांचे मार्गदर्शक नागपूरला होते, त्यांना आम्ही मोठे सर म्हणत असू. आमच्या केंद्राच्या मालक डॉक्टरांनी मॅडमना दर रविवारी मशीन वापरू द्यायचं कबूल केलं, आणि मशीन चालवायला मी.

नेहमीची तपासणी मेंदू दिसतो कसा ते सांगते. मॅडमची तपासणी मेंदू काम कसं करतो ते बघायची होती. माणसाला मशीनमध्ये झोपवायचं, डोळ्यांसमोर आरशातून पडदा दाखवायचा, दोन्ही हातांत एक-एक बटण द्यायचं. पडद्यावर चित्रं येतात, त्याप्रमाणं त्यानं बटण दाबायचं. मेंदूचा जो भाग काम करतो तिकडं रक्ताचा ओघ जरासा वाढतो. तो फरक मशीनला कळतो. आराम करतानाची चित्रं आणि काम करतानाची चित्रं यांची वजाबाकी करून संगणक त्या जागी लाल-पिवळा रंग भरतो. ऐकायला सोपं आहे, पण हा फरक एवढा बारीक असतो की माणसानं डोकं जरासं हलवलं तरी नको त्या ठिकाणी रंग सांडतो. त्या खोट्या रंगाला आम्ही कचरा म्हणत असू. माझ्या चित्रांत कचरा नसतो, अशी माझी ख्याती होती. नागपूरहून मोठे सर फोनवर म्हणाले होते, “गावंडेंची चित्रं धुतल्यासारखी असतात.” ते वाक्य मी बरेच दिवस मिरवलं.

मेंदूत दोन तऱ्हेचा भाग असतो. वरचा सालीसारखा राखाडी भाग, तिथं विचार, हालचाल, नजर यांची कामं चालतात. आणि आतला पांढरा भाग. तो म्हणजे तारांचे जुडगे, एका जागेचा निरोप दुसऱ्या जागी नेणारे. डाव्या आणि उजव्या मेंदूच्या मधोमध पांढऱ्या तारांचा एक जाड पूल असतो. त्या काळी सगळ्यांचं लक्ष राखाडी भागावर. पांढऱ्या भागात रक्त कमी, त्यामुळं फरकही अगदी क्षीण. तिथं रंग दिसला तर तो कचराच समजायचा, असा रिवाज होता. संगणकात तशी सोयच होती. एक मास्क लावला, की पांढरा भाग पूर्ण झाकला जायचा आणि फक्त राखाडी भागातला रंग उरायचा.

पावसाळा सरत असताना एका रविवारी वलगावचे नासीरभाई आले. सोबत बायको शमीमबी आणि धाकटा भाऊ यूनुस. नासीरभाई चाळिशीचे, उंच, दाढी नीट कातरलेली. ते स्वतः शेतकरी नव्हते. वलगावात दोघा भावांचं फवारणीचे पंप दुरुस्त करायचं दुकान होतं. आजूबाजूच्या गावांतले पाठीवरचे पंप त्यांच्याकडं यायचे. नोझल चोंदलं, की नासीरभाई ते तोंडाला लावून फुंकर मारून मोकळं करायचे. वीस वर्षं.

“मंग चूळ भरायचे का?” मी विचारलं.

“चाय प्यायचो,” ते म्हणाले.

त्यांची तक्रार ऐकून मला आधी हसूच आलं होतं, हे कबूल करतो. ते म्हणाले, “साहेब, हा हात बराबर हाय. हा बी बराबर हाय. पन दोघाईचं जमत नाही.”

“म्हणजे?”

“म्हंजे एकानं नट धरला अन् दुसऱ्यानं पाना फिरवाचा, तं धरनारा सोडून देते. दोघाईले एकमेकाचं समजूनच नाही राहिलं.”

यूनुस भिंतीला टेकून उभा होता. तो मॅडमना म्हणाला, “डॉक्टरसाब, हा ग्लास उचलते, सायकल चालवते, जेवते. फक्त दुकानात बसला का याचे हात बिघडते. आता मी काय समजू?”

मॅडमनी नासीरभाईंना दोन्ही हात वेगवेगळे चालवायला लावले. एकेक हात खरंच उत्तम चालत होता. ताकद होती, बोटं चपळ होती. मॅडमनी यूनुसला सांगितलं, “म्हणूनच बघायचंय. आत्ताच काही ठरवू नका.”

मॅडमची एक चाचणी अशी होती. पडद्याच्या मध्यावर एक फुली. तिच्याकडं एकटक बघायचं. चित्र कधी फुलीच्या डाव्या बाजूला येणार, कधी उजव्या. गंमत अशी, की डाव्या बाजूचं चित्र पोचतं मेंदूच्या उजव्या अर्ध्यात, आणि उजवा हात चालवतो मेंदूचा डावा अर्धा. म्हणून चित्र डावीकडं आलं आणि बटण उजव्या हातानं दाबायचं असलं, तर निरोपाला मधला पांढरा पूल ओलांडावा लागतो. निरोगी माणसाला तो वेळ जाणवतही नाही. नासीरभाई चित्र आणि हात एकाच बाजूचे असले, की चटकन दाबायचे. पूल ओलांडायची पाळी आली, की अडखळायचे. काचेतून मला त्यांची बोटं दिसत होती. उजवं बोट बटणावर थरथरत राहायचं, जणू कुणी परवानगी द्यायचं राहिलंय. पण डोकं त्यांनी तसूभरही हलवलं नाही. माझ्या सगळ्या नोकरीत इतका स्थिर पडलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. बाहेर आल्यावर ते घामानं भिजले होते.

संध्याकाळी मी आणि मॅडम संगणकावर बसलो. साधी चित्रं अगदी स्वच्छ. गाठ नाही, रक्तस्राव नाही, काही नाही. कामाच्या चित्रांत राखाडी भागात जिथं रंग यायला हवा तिथं आलेला. आणि मधल्या पांढऱ्या पुलावर, जरा मागच्या बाजूला, एक पिवळा ठिपका. ज्वारीच्या दाण्याएवढा.

“हे काय?” मॅडम म्हणाल्या.

“कचरा असेल,” मी म्हणालो. पण माझं मलाच पटलं नाही, कारण माणूस हलला नव्हता.

पुढच्या रविवारी आम्ही नासीरभाईंना पुन्हा बोलावलं. ठिपका पुन्हा तिथंच. तिसऱ्या रविवारी मी मशीनची सगळी जुळणी नव्यानं केली. आधी प्लास्टिकच्या बाटलीत पाणी भरून तीच तपासणी केली, मशीनचा दोष असता तर बाटलीतही काही दिसलं असतं. काही नव्हतं. मग नासीरभाई आत गेले. ठिपका तिथंच, आणि निरोप पूल ओलांडत असताना तेवढा. बाकीच्या लोकांच्या चित्रांत त्या जागी मी मुद्दाम शोधलं. कुठं काही नाही, कुठं असलं-नसलं असं. एवढा ठसठशीत फक्त यांच्यात.

मॅडमनी मोठ्या सरांना फोन लावला. स्पीकर चालू होता. सर वाईट माणूस नव्हते, कामात बुडालेले होते. ते म्हणाले, “पांढऱ्या भागात कसली आलीय हालचाल? ती तार आहे. तारेला कोण रक्त पुरवतं? शेजारी पाण्याची पोकळी आहे, त्याचं काहीतरी असणार. गावंडे, मास्क लावा.”

मॅडम म्हणाल्या, “सर, तीनदा आलंय.”

“तीनदा आलेला कचरा कचराच असतो. परीक्षक एका ठिपक्यावरून अख्खा प्रबंध परत पाठवतील. रिपोर्ट नॉर्मल द्या.”

फोन ठेवल्यावर मॅडम थोडा वेळ माझ्याकडं बघत बसल्या. मला वाटतं, त्यांना मी काही बोलावं असं वाटत होतं. मी वयानं मोठा, मशीन माझ्या हातातलं. बाटलीची तपासणी मीच केलेली. मी एवढं म्हटलं असतं, ‘मॅडम, हा कचरा नाही, माझं मशीन मी ओळखतो,’ तर कदाचित त्यांनी रिपोर्टात एक ओळ घातली असती. पण धुतल्यासारखी चित्रं देणारा म्हणून माझं नाव झालं होतं. मोठे सर ज्याला कचरा म्हणताहेत ते माझ्या चित्रात आहे, हे म्हणायला जीभ रेटली नाही. मी माउस हातात घेतला आणि मास्क लावला. ठिपका गेला. चित्र खरोखर फार सुरेख दिसत होतं.

रिपोर्ट न्यायला चौथ्या रविवारी तिघंही आले. मॅडम त्या दिवशी नागपूरला होत्या. मालक डॉक्टरांनी सही करून पाकीट माझ्याकडं दिलं होतं. एरवी आम्ही तंत्रज्ञ काही बोलत नाही. काय निघालं ते डॉक्टर सांगतील, म्हणतो. पण नासीरभाईंनी पाकीट उघडलंच नाही. ते मला म्हणाले, “गावंडेभाऊ, तुमी पायलं ना सारं? तुमीच सांगा. काही दिसलं का?”

शमीमबी माझ्याकडं बघत होत्या. यूनुस बघत होता.

मी म्हणालो, “नाही. काही नाही. सगळं नॉर्मल आहे.”

यूनुस हसला नाही, चिडलाही नाही. फक्त भावाला म्हणाला, “चल, घर चल. हो गया ना अब?” शमीमबींनी पाकीट पिशवीत घातलं. नासीरभाई मात्र जागेवरून हलले नाहीत. ते आपल्या हातांकडं बघत राहिले, आणि मग मला म्हणाले, “नक्की ना, भाऊ?”

“नक्की,” मी म्हणालो.

‘काही नाही’ आणि ‘आम्हाला कळलं नाही’ यांत किती अंतर आहे, ते मला त्या दिवशी कळायला हवं होतं. ठिपका म्हणजे आजार, असं मी तेव्हाही म्हणू शकलो नसतो, आजही म्हणू शकत नाही. त्यानं उपचार बदलले असते असंही नाही. पण ‘तुमच्या मेंदूत एका जागी काहीतरी वेगळं दिसलं, ते काय आहे ते आम्हाला सांगता येत नाही’ एवढं खरं वाक्य माझ्याजवळ होतं, आणि ते मी दिलं नाही.

पुढं मॅडमचं काम संपलं, त्या गेल्या. मशीनच्या संगणकात जागा थोडी असायची. जुनी चित्रं पुसून नव्यांना जागा करायची, हे माझंच काम. एके दिवशी पुसायच्या यादीत नासीरभाईंचं नाव आलं. मी थांबलो. तीन रविवारांची मूळ चित्रं होती, मास्क न लावलेली. बाहेर गुडघ्याचे आणि कमरेचे पेशंट ताटकळत होते. एखाद्या सीडीवर उतरवून घ्यायला फार तर पाव तास लागला असता. मी बटण दाबलं.

त्यानंतर मी अनेक वर्षं त्या खोलीत काम केलं. वलगाव अमरावतीहून इतकं जवळ, की दर्यापूरच्या बाजूला कुणाच्या लग्नाला, कुणाच्या मयतीला जाताना बस त्याच गावातून जायची. दुकानाची पाटी बसमधून दिसायची. दोनदा यूनुस पंपावर वाकलेला दिसला. नासीरभाई कधी दिसले नाहीत. मी खिडकीतून मान वळवायचो आणि गाव मागं पडलं, की सरळ बसायचो.

निवृत्तीला दोन-अडीच वर्षं असताना नवं मशीन आलं. ते शिकायला आम्हाला नागपूरला पाठवलं. शिकवणारी एक तरुण मुलगी होती. एका दुपारी तिनं पडद्यावर मेंदूचं चित्र लावलं. त्याच्या मधल्या पांढऱ्या पुलावर रंग होता. ती सहज म्हणाली, “पूर्वी हे आपण कचरा म्हणून झाकून टाकायचो. आता लोक मुद्दाम इथं बघायला लागलेत. हालचाल क्षीण असते, पण असते. चाचणी नीट निवडली तर सापडते. वाद अजून संपलेला नाही, पण झाकून टाकण्याचे दिवस गेले.”

मी हात वर केला. वर्गात सगळ्यांत म्हातारा मीच. मी म्हणालो, “मॅडम, मी असं एकदा पाहिलंय. फार वर्षांपूर्वी. एकाच माणसात, तीन वेळा.”

ती उत्सुकतेनं पुढं आली. “खरं? डेटा आहे?”

“नाही,” मी म्हणालो. “मी पुसला.”

तिला वाटलं, मी चुकून पुसल्याचं सांगतोय. ती हसून पुढच्या चित्राकडं वळली.

घरी आल्यावर देवयानी मॅडमचा नंबर शोधून फोन केला. त्या आता दूर मोठ्या शहरात असतात. मी नाव सांगायच्या आधीच त्यांनी आवाज ओळखला. म्हणाल्या, “तो ठिपका मी विसरलेले नाही, गावंडे. प्रबंधात मी त्यावर एक ओळ लिहिली होती. सरांनी खोडली. मी खोडू दिली.” मग त्यांनीच विचारलं, “ते भेटतात का तुम्हाला? कसे आहेत?”

मी म्हणालो, “माहीत नाही.” आणि हे म्हणताना मला स्वतःची जेवढी लाज वाटली, तेवढी आधी कधी वाटली नव्हती. तरीही मी लगेच गेलो नाही. नोकरी संपू दे म्हटलं, मालकांना त्रास नको. खरं म्हणजे मला भीती वाटत होती.

निवृत्त झाल्यावर दुसऱ्या महिन्यात एका सकाळी वलगावला उतरलो. दुकान तिथंच होतं. आता तिथं बॅटरीवर चालणारे पंप टांगलेले. यूनुस जाड झाला होता, दाढी पांढरी. त्यानं मला ओळखलं नाही. मी नासीरभाईंना भेटायचंय म्हटल्यावर त्यानं मागच्या अंगणाकडं बोट केलं.

नासीरभाई अंगणात चटईवर बसून मेथी निवडत होते. आणि बोलत होते. आधी मला वाटलं, कुणीतरी आत आहे. पण ते हातांशी बोलत होते. “धर. सोडू नको. आता तू तोड. हां. आता ठेव.” एकेका हुकमानं एकेक हात चालत होता. एक जुडी निवडायला त्यांना किती वेळ लागत असेल, देव जाणे. माझी सावली पडली तशी त्यांनी वर पाहिलं आणि म्हणाले, “गावंडेभाऊ. बसा. केस गेले तुमचे.”

मी बसलो. काय बोलायचं ते मी बसमध्ये चार वेळा जुळवलं होतं. तिथं ते काहीच कामाला आलं नाही. मी सरळ सांगितलं. तीन रविवार, पिवळा ठिपका, पाण्याची बाटली, मास्क. आणि हेही, की तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोललो. आता बाहेरच्या जगात तिथं बघायला लागलेत, हेही सांगितलं. पण त्याचा अर्थ तुमच्या बाबतीत काय, ते आजही कुणी सांगू शकणार नाही, कारण चित्रं मीच पुसली.

त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. माझं संपल्यावर म्हणाले, “मले कायले सांगता? मले तं मालूमच होतं. माह्येच हात आहेत.” मग दुकानाच्या दिशेनं आवाज दिला, “यूनुस, इधर आ.” तो आला, तसं माझ्याकडं वळून म्हणाले, “याले सांगा.”

मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं जास्त जड गेलं. यूनुसच्या हातात ग्रीस लागलेलं फडकं होतं. ऐकता ऐकता त्यानं ते पिळायला सुरुवात केली. मी थांबल्यावर त्यानं विचारलं, “मंग रिपोर्ट नॉर्मल कसा आला?”

“ठिपका मी झाकला होता.”

“अन् आमाले सांगतलं नाही.”

“नाही.”

“मी याले गिऱ्हाइकांसमोर नौटंकी म्हनत होतो,” यूनुस म्हणाला. तो माझ्याशी बोलत होता, की स्वतःशी, ते कळलं नाही. “ईदले बी बोललो. सारे बसले होते. भाभीसमोर बोललो.”

मी विचारलं, “शमीमबी कुठं आहेत?”

नासीरभाई मेथीच्या काड्या गोळा करायला लागले. “शमीमले जाऊन तीन साल झाले. दुकान सुटलं तशी ती कापसाच्या जिनिंगमध्ये कामाले जाये. सकाळी निंगताना रोज म्हने, ‘आपके हाथ तो अच्छे हैं.’ भांडून नाही म्हने. शांतीनं म्हने. म्हनूनच जास्त लागे.” काड्या एका बाजूला ठेवून ते म्हणाले, “तिले तुमी सांगतलं असतं तं बरं झालं असतं.”

मी माफी मागितली. त्यांनी आत आवाज देऊन चहा सांगितला. यूनुसची मुलगी नाझिया कॉलेजात जायच्या तयारीत होती. तिनं चहा आणला. चहा झाल्यावर मी उठायला लागलो, तर नासीरभाई म्हणाले, “लिहून द्या.”

“नासीरभाई, मी डॉक्टर नाही. तंत्रज्ञाला रिपोर्ट लिहायचा अधिकार नसतो. त्या कागदाचा कुठं उपयोग होणार नाही.”

“मले कोठी न्याचाच नाही. तुमी पायलं ते तुमी लिहा.”

नाझियानं वहीचं एक पान फाडून दिलं. इतक्या वर्षांत हजारो रिपोर्टांची पाकिटं मी लोकांच्या हातात दिली, पण स्वतः कधी एक ओळ लिहिली नव्हती. मी लिहायला लागलो. नासीरभाई म्हणाले, “वर नाव टाका.”

“तुमचं पूर्ण नाव सांगा.”

“माहं नाही. तिचं. शमीमच्या नावानं लिहा.”

मी लिहिलं : ‘शमीमबी यांस. तुमच्या पतीच्या मेंदूची तपासणी मी तीन वेळा केली. डावा आणि उजवा भाग जिथं जोडलेला असतो, तिथं त्यांच्या चित्रात एक ठिपका मला तिन्ही वेळा दिसला. तो दुसऱ्या कुणात तसा दिसला नाही. त्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही आणि आजही कळत नाही. मी काही नाही असं सांगितलं, ते खोटं होतं. ते मशीनमध्ये अजिबात हलले नव्हते.’ खाली सही केली, तारीख घातली.

कागद मी नासीरभाईंकडं दिला. त्यांनी तो नाझियाकडं दिला. ती उभ्यानंच वाचायला लागली. तिचं वाचून होईपर्यंत यूनुस तसाच उभा होता. मग तो भावाच्या शेजारी चटईवर बसला आणि उरलेल्या मेथीची जुडी त्यानं स्वतःकडं ओढली.

नासीरभाई पुतणीला म्हणाले, “पुन्हा वाच, बेटा. जरा जोरात वाच.”

तिनं पुन्हा वाचलं.